जावा २५० ला जुन्या स्प्लेंडरचा मॅग्नेटो आणि सीडीआय बसवतोय, कुणी केलंय का?

घाटातला_जावेकर
नमस्कार मंडळी. गाडी १९६६ ची जावा २५०, आजोबांची, आपण जिला ए टाइप म्हणतो ती. दुखणं नेहमीचंच, डायनॅमो (इंजिनावर फिरून वीज बनवतो तो). दोन वर्षांत त्याचं आर्मेचर (फिरणारं वाइंडिंग) दोनदा रिवाइंड करून झालं. दुसऱ्या वेळी तर गगनबावड्याहून परत येताना साळवणच्या अलीकडे आधी हेडलाइट विडीच्या टोकासारखा लालसर झाला, मग चार्जिंगचा लाल दिवा लागून राहिला आणि शेवटी बॅटरीत स्पार्क द्यायलाही जीव उरला नाही. उसाच्या रिकाम्या ट्रॉलीत घालून कोल्हापुरात आणली, लई लाज वाटली.

तर आता घरात मामांची १९९६ ची स्प्लेंडर पडून आहे, इंजिन जाम, पण मॅग्नेटो (फिरणारं चुंबकाचं चाक), स्टेटर (त्याच्या आतल्या स्थिर कॉइल), सीडीआय (स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा), कॉइल, रेग्युलेटर सगळं शाबूत. डोक्यात असं आलंय की हे सगळं उचलून जावाच्या उजव्या बाजूला बसवायचं, म्हणजे १२ व्होल्ट, पॉइंट्स (स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क) नाहीत, कंडेन्सर नाही आणि बॅटरी मेली तरी गाडी चालू. अट एकच, क्रँक आणि केस याला कानस लागता कामा नये, उद्या मनात आलं तर ओरिजिनल डायनॅमो जसाच्या तसा परत बसला पाहिजे. कुणी केलंय का? आणि कृपा करून "विकून टाक" म्हणू नका.

सिंगलसीट
विकून टाक. मला. 😄

जुनं_ते_चालतं (सांगली)
अहो, १९७० पासून जावा चालवतोय, डायनॅमो तुम्ही समजता तेवढा वाईट नाही, त्याची निगा कोणी करत नाही ही खरी गोष्ट. ब्रश झिजून बोटभरसुद्धा उरत नाहीत तोवर कव्हर उघडायचं नाही, कम्युटेटरच्या खाचांत कार्बन भरलेला, रेग्युलेटरचे पॉइंट चिकटलेले, आणि दोष मात्र वाइंडिंगला. आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी उजवं कव्हर काढायचो, ब्रश बघायचो, पॉइंट घासायचे, गॅप ०.४. टायमिंगला दिवा-बिवा काही नव्हता, सिगरेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचा, क्रँक हळू फिरवायचा, कागद ज्या क्षणी सुटून हातात येईल तो स्पार्कचा क्षण. त्यावर मी सांगली-गोवा कितीदा केलंय. तरी तुमची मर्जी. फक्त जुना डायनॅमो भंगारात देऊ नका.

घाटातला_जावेकर
काका भंगारात कशाला देईन, तेल लावून, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ट्रंकेत ठेवलाय. निगेचं पटतंय, पण मला रात्री घाट उतरायचा असतो आणि ६ व्होल्टचा उजेड आता डोळ्याला झेपत नाही.

बोलेस्लाव्हचा_बंड्या
मी म्लाडा बोलेस्लाव्हला असतो, गाड्यांच्याच कंपनीत नोकरी, त्यामुळे जावाप्रेमी म्हाताऱ्यांची इथे कमी नाही. इथे हा प्रश्न दोन प्रकारे सुटतो. ज्याच्याकडे पैसे आहेत तो व्हेप कंपनीचं तयार किट घेतो, त्यात रोटर, स्टेटर, बेस प्लेट, कॉइल सगळं जावाच्याच टेपरला (क्रँकच्या निमुळत्या टोकाला) बनवलेलं येतं, एका दुपारचं काम. आणि ज्याला खिशातून जायला नको तो घरातल्या घरात बदल करतो, म्हणजे ३५० ट्विनमध्ये ६३४ ला पुढच्या ६३८ मॉडेलचा १२ व्होल्टचा अल्टरनेटर लावणं इथे सर्रास आहे (६३८ आली १९८४ ला). तुझं प्रकरण वेगळं, तू जावाला होंडाच्या घराण्यातली सून आणतोयस. जमेल, पण पत्रिका नीट बघ.

लेथ_आणि_चहा
भावा कोल्हापुरातच आहेस तर घेऊन ये उद्यमनगरात. पण आधी ऐक, यात सगळ्यात अवघड काम सीडीआयचं नाही, टेपरचं आहे. जावाच्या क्रँकचं उजवं टोक टेपर, त्यावर आर्मेचर मधल्या लांब बोल्टने आवळलेलं. स्प्लेंडरच्या मॅग्नेटोचा टेपर वेगळा, तो जावावर धरणारच नाही. लोक मध्ये पातळ बुश घालतात, पत्र्याची शिम घालतात, एकाने तर माझ्यासमोर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून घातला होता. असलं काही करू नको. फ्लायव्हील जड असतं आणि पाच हजार आरपीएमला सुटलं तर कव्हर फोडून बाहेर येईल आणि उजवा पाय तिथेच असतो.

बरोबर पद्धत अशी की मॅग्नेटोचा मधला बॉस बोअर करून काढायचा, नवीन हब ईएन ८ पोलादात मागून फ्लँज ठेवून बनवायचा, सहा अॅलन बोल्ट, दोन डॉवेल पिना, आणि सगळं एकत्र आवळून झाल्यावर मग शेवटी त्याच चकात टेपर कापायचा. आधी टेपर करून मग जोडलंस तर रनआउट (फिरताना डगमग) येणार म्हणजे येणार. आर्मेचर सोबत आण, टेपरचं माप त्यावरून घेऊ. वेल्डिंगचं नावसुद्धा काढायचं नाही, मॅग्नेट गरम झाले की मेले.

घाटातला_जावेकर
बोल्टचं काय, लॉकटाइट?

लेथ_आणि_चहा
लॉकटाइट आणि वर पंचने ठोकून लॉक. आणि चावीच्या (टेपरच्या खाचेतल्या लोखंडी तुकड्याच्या) भरवशावर राहू नको. पकड टेपरची असते, चावी नुसती जागा दाखवते. टेपरला निळा रंग फासून बघायचा, सगळीकडे सारखा उठला पाहिजे, नाहीतर ग्राइंडिंग पेस्ट लावून हातानं फिरव.

वीस_डिग्री (चिंचवड)
उशिरा आलो धाग्यावर. लेथवाल्यांनी सांगितलं ते शंभर टक्के, पण दोन गोष्टी कोणीच बोललं नाही आणि त्या दोन्ही पिस्टन खाणाऱ्या आहेत.

पहिली, दिशा. स्प्लेंडरचा मॅग्नेटो डावीकडे असतो, समोरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. तू तो उजवीकडे बसवणार. क्रँक दोन्ही गाड्यांचा चाकाच्याच दिशेने फिरतो, पण तू बघणार दुसऱ्या बाजूने, म्हणजे तुझ्या जावावर मॅग्नेटो घड्याळाच्या दिशेने फिरणार. माझ्यावर विश्वास ठेवू नको, कव्हर काढून प्लग काढून हळू किक मार आणि खडूने बाण काढ. आता मॅग्नेटोच्या बाहेरच्या अंगावर एक उंचवटा असतो, लिप म्हण, तो पिकअपसमोरून (सीडीआयला इशारा देणाऱ्या छोट्या कॉइलसमोरून) जातो तेव्हा पिकअपमध्ये दोन झटके तयार होतात, एक लिप येताना, दुसरा जाताना. दिशा उलटली की जी कड आधी यायची ती नंतर येते. झटक्यांचा क्रम प्लस-मायनस तसाच राहतो कारण येताना चुंबकरेषा वाढतात आणि जाताना कमी होतात, पण कड बदलली म्हणजे स्पार्कची जागा बदलली. तेव्हा स्प्लेंडरच्या मॅग्नेटोवरचं ते एफ-टी चं (टायमिंगच्या खुणांचं) मार्किंग विसर, तुझ्यासाठी त्याला काही अर्थ नाही.

दुसरी, अॅडव्हान्स, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या किती डिग्री आधी स्पार्क. जावाचं पॉइंट्सवालं टायमिंग फिक्स, आयडलला जे तेच टॉपला. स्प्लेंडर फोर-स्ट्रोक, तिचा सीडीआय आरपीएम वाढली की स्पार्क आधी द्यायला लागतो. आता तू आयडलला स्ट्रोब (टायमिंग बघायचा लुकलुकता दिवा) लावून छान २० डिग्री सेट केलंस तर साडेतीन-चार हजारला ते तिशीच्या पुढे जाणार, खंबाटकीत थ्रॉटल धरून चढताना आधी खडखड मग पिस्टन जाम, नाहीतर पिस्टनला भोक. त्यामुळे सेटिंग वरच्या आरपीएमला करायचं, खाली जे येईल ते येऊ दे. खाली कमीच येईल आणि ते चांगलंच आहे, किक पायाला परत मारणार नाही.

सिंगलसीट
फोर-स्ट्रोकचा सीडीआय टू-स्ट्रोकला चालतो कसा पण? फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एक स्पार्क ना?

वीस_डिग्री (चिंचवड)
लागतो एक, देतो दोन. मॅग्नेटो क्रँकवर आहे ना, कॅमवर नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीला स्पार्क पडतो, एक कामाचा आणि एक एक्झॉस्टच्या वेळी वाया. टू-स्ट्रोकला प्रत्येक फेरीला हवाच असतो. बुलेटच्या डिस्ट्रिब्यूटरचं तसं नाही, तो अर्ध्या वेगाने फिरतो, तो जावाला लावलास तर एक फेरी सोडून स्पार्क येईल.

घाटातला_जावेकर
२० डिग्री कुठून आणलं? मिस्त्री लोक सगळे एमएम मध्ये बोलतात.

वीस_डिग्री (चिंचवड)
जावाचा बोअर ६५, स्ट्रोक ७५. पिस्टन टीडीसीच्या (सगळ्यात वरच्या टोकाच्या) ३ एमएम खाली असताना क्रँक साधारण वीस-एकवीस डिग्री मागे असतो, कनेक्टिंग रॉडच्या लांबीने थोडंफार इकडेतिकडे. २ एमएम म्हणजे सतरा. तुझ्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये एमएमचा जो आकडा असेल तो डिग्रीत बदलून घे, मी असतो तर पहिल्यांदा ३ वर ठेवून गाडी ऐकली असती. आणि टीडीसी डायलच्या काट्यावर शोधू नको, पिस्टन टोकाला थबकतो तिथे चार-पाच डिग्री काटा हलतच नाही. प्लगच्या भोकात जुन्या प्लगचा स्टॉपर करून घाल, क्रँक एकीकडून टेकेपर्यंत फिरव, खूण कर, उलट्या बाजूने टेकव, खूण कर, दोन खुणांचा मध्य म्हणजे टीडीसी.

जुनं_ते_चालतं (सांगली)
एवढं गणित आम्ही दहावीला केलं असतं तर आज कलेक्टर झालो असतो.

घाटातला_जावेकर
(तीन आठवड्यांनी) मंडळी अपडेट. हब झाला. लेथवाल्या भावाने दोन दिवस घेतले, पैसे सांगायला तयार नव्हता, शेवटी अर्धा किलो पेढ्यावर तोडगा निघाला. स्टेटरसाठी १० एमएम अॅल्युमिनियमची प्लेट, मागच्या बाजूला खांदा काढलाय तो जावाच्या केसमधल्या डायनॅमोच्या जागेत घट्ट बसतो, म्हणजे सेंटर आपोआप. स्क्रू ओरिजिनल भोकातच. पिकअपसाठी प्लेटवर अर्धगोल खाच ठेवलीय, पुढेमागे सरकवता येतो. कव्हर मात्र घासत होतं, आतून स्पेसर रिंग घातली, कानस कशालाच लावलेली नाही, काका नोंद घ्या.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. लेथवरून आणल्यावर मॅग्नेटोच्या आत सगळीकडे लोखंडाचा कीस चिकटलेला, इतका बारीक की बोटाने पुसला तर नुसता जागा बदलतो, कॉम्प्रेसरच्या हवेनेही जाईना, ब्रशनेही जाईना. हा राहिला तर कॉइलचं वार्निश खाणार. शेवटी आईने परातीतून कणकेचा गोळा आणून दिला, तो दाबून दाबून सगळा कीस उचलला, पाच-सहा गोळे काळे झाले. त्या दिवशी चपात्या कमी पडल्या.

डायनॅमो काढल्यावर मागचं क्रँकचं ऑइल सील पण बदललं, कडक होऊन चिरलं होतं, तिथून हवा ओढत होती बहुतेक. आधीचा आयडल वर-खाली व्हायचा तो त्याचाच असणार.

आता मजा ऐका. उद्या स्ट्रोब मिळणार होता, पण धीर कुठला. पिकअप अंदाजाने लावला, किक मारली, पायाला असा दणका आला की डोळ्यापुढे काजवे. दुसरी किक, गाडी चालू! एकदम गोड आवाज, आयडल घड्याळासारखा, गल्लीतली पोरं टाळ्या वाजवतायत. पहिला टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागे. मागे शेजाऱ्यांची तुळस होती, होती म्हणजे आता नाही.

बोलेस्लाव्हचा_बंड्या
😂😂 ऑफिसात हसलो जोरात, शेजारचा चेक माणूस विचारतोय काय झालं.

वीस_डिग्री (चिंचवड)
यात दोष गाडीचा नाही रे, ती नियमानेच वागली. पिस्टन-पोर्टचं टू-स्ट्रोक इंजिन दोन्हीकडे फिरायला मोकळं असतं. स्पार्क खूप लवकर आला, पिस्टनला वर जायच्या आधीच परत ढकललं, क्रँक उलटा फिरायला लागला. आणि उलटा फिरताना लिपची दुसरी कड आधी येते, ती तुझ्या अंदाजाच्या पिकअपवर नेमकी उलट्या दिशेसाठी बरोबर जागी पडली, म्हणून आयडल घड्याळासारखा. आता पिकअप क्रँक ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने सरकव, म्हणजे लिप उशिरा पोचेल. स्ट्रोबशिवाय परत किक मारू नको, तुझ्या नडगीसाठी सांगतोय.

लेथ_आणि_चहा
पेढे परत करू का 😄

सिंगलसीट
शेजाऱ्यांचं काय झालं पण

घाटातला_जावेकर
नवीन कुंडी, नवीन तुळस आणि वर माझे ऐकून घेतलेले दोन तास.

स्ट्रोब मिळाला. मॅग्नेटोवर टीडीसीची खूण आणि २१ डिग्रीची खूण नेलपॉलिशने केली, एक लाल एक पांढरी. पिकअप खाचेच्या टोकापर्यंत नेला तरी साडेतीन हजारला २८ च्या खाली येईना. मग प्लेट काढून खाच अजून वाढवली. आता साडेतीन हजारला २१, आयडलला ९. किक लोण्यासारखी. पहिले शंभर किलोमीटर कागल-निपाणी करून प्लग बघितला, रंग चॉकलेटी.

वायरिंग ज्यांना हवं त्यांच्यासाठी, स्प्लेंडरचे रंग: काळी-लाल एक्सायटर कॉइलची (सीडीआयला वीज देणारी), निळी-पिवळी पिकअपची, काळी-पिवळी इग्निशन कॉइलकडे, हिरवी अर्थ, काळी-पांढरी बंद करायची. रेग्युलेटरला पांढरी चार्जिंगची, पिवळी लाइटची, लाल बॅटरीला. जावाची जुनी ६ व्होल्टची इग्निशन कॉइल यात वापरू नका, ती पॉइंट्सच्या पद्धतीची आहे, सीडीआय त्याच्या कॉइलमध्ये दोन-तीनशे व्होल्ट एका दणक्यात सोडतो, दोघांचं जमत नाही. बल्ब सगळे १२ चे, हॉर्न बदलला, जुना हॉर्न १२ वर एकदा वाजवून बघितला, कुत्रं मागे लागलं.

फक्त एक भानगड राहिलीय. किल्ली काढली तरी गाडी बंद होत नाही.

जुनं_ते_चालतं (सांगली)
म्हणजे? जावाची किल्ली काढली की गाडी बंद.

वीस_डिग्री (चिंचवड)
काका, पॉइंट्सला बॅटरीचा करंट लागायचा, किल्लीने तो तुटायचा म्हणून बंद. या सीडीआयला बॅटरी लागतच नाही, तो मॅग्नेटोवर स्वतःचं जेवण स्वतः करतो. त्याला बंद करायचं तर उलटं करावं लागतं, काळी-पांढरी वायर अर्थला टेकवायची. जावाचा स्विच किल्ली घातल्यावर जोडतो, आपल्याला हवाय किल्ली काढल्यावर जोडणारा.

सिंगलसीट
सोप्पं आहे, रिले लाव. किल्ली चालू तर रिले उचलणार आणि वायर सुटणार, किल्ली बंद तर रिले पडणार, वायर अर्थला.

बोलेस्लाव्हचा_बंड्या
आणि बॅटरी मेली की रिले पडणार आणि गाडी बंद. मग साळवणच्या ट्रॉलीत परत. ज्यासाठी एवढं केलं तेच गेलं.

सिंगलसीट
अरे हो. मागे घेतो.

घाटातला_जावेकर
हेच. रिले रद्द. स्विचच्या आत हात घालवत नाही, बेकेलाइट साठ वर्षांचं, तुटलं तर मिळणार नाही. सध्या सीटच्या खाली एक छोटा टॉगल लावलाय, बोट घालून खाली ढकलला की बंद. चोरीलाही बरं.

प्लेटचं ड्रॉइंग मागणाऱ्यांना, ते वहीच्या पानावर आहे आणि त्यावर ग्रीसचा हात पडलाय, नीट काढून टाकतो. पण आंधळेपणाने कापू नका, तुमच्या केसचा खांदा मोजा, माझ्या आणि मित्राच्या गाडीतच थोडा फरक निघाला.

जुनं_ते_चालतं (सांगली)
म्हणजे एवढं सगळं करून किल्ली आता शोभेची.

घाटातला_जावेकर
शोभेची नाही हो काका, हॉर्न आणि ब्रेकलाइट तिच्यावरच आहे. पण सवय जात नाही. काल मंडईसमोर गाडी लावली, किल्ली काढली, खिशात घातली, दहा पावलं गेलो आणि भाजीवाली मावशी ओरडली, "अरे ती तुझ्याशिवायच चाललीय की!" मागे बघतो तर स्टँडवर डुगडुग डुगडुग, आरामात.